गळ्यात पडलेली नापीक जमीन : गूढ शब्दकोडं रोज कसं सोडवावं

१९८४ साली लग्न होऊन अंबाजोगाईला आले, त्याला चारेक महिने झाले असतील. आमचे मामंजी सकाळचा चहा झाला की वाणसामानाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर एक ओळ लिहायचे आणि तो कागद देवळीत चष्म्याच्या डबीखाली ठेवायचे. घरात कुणी त्याला हात लावत नसे. एकदा झाडलोट करताना मी तो उचलून वाचला.

गळ्यात पडलेली नापीक जमीन (२)

मला वाटलं, शेताच्या वाटणीचं काही प्रकरण आहे. आमची थोडी जमीन माळावर होती. पावसाने ओढ दिली की पेरलेलं बीसुद्धा परत येत नसे. संध्याकाळी भीत भीत विचारलं, "मामंजी, जमिनीचा काही वाद चालू आहे का?" ते म्हणाले, "सूनबाई, ती जमीन नाही, शब्द आहे. दोन अक्षरी. तुम्हीच शोधा, मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवीसाठी झेंडू ओवत बसले होते आणि सुई हातातच राहिली. माळ! गळ्यात पडते ती माळ, आणि जिथे काही पिकत नाही तोही माळ. उठले, मामंजींच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि नुसतं "माळ" म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "बसा." त्या घरात सासऱ्यांसमोर सून बसत नसे. त्या दिवशी मी बसले.

२०१३ पर्यंत ते रोज असं एक सूत्र, म्हणजे कोड्याची एक ओळ, लिहीत राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि आता रोज सकाळी सातला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मोबाइलवर एक सूत्र पाठवते. रविवारी सात बाय सातचं पूर्ण कोडं. नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच विचारतो: बाई, हे सोडवायचं कसं? म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

वर्तमानपत्रातलं नेहमीचं कोडं सरळ असतं. 'फुलांची असते (२)' असं विचारलं की माळ लिहून मोकळं व्हायचं. गूढ सूत्रात तेच उत्तर एका वाक्यात दोनदा सांगितलेलं असतं. एकदा सरळ अर्थाने, आणि एकदा दुसऱ्या अर्थाने किंवा शब्दाच्या घडणीतून. सरळ अर्थ सूत्राच्या सुरुवातीला असतो नाही तर शेवटी. मध्ये कधीच नसतो. म्हणून पहिलं काम एकच. पेन्सिल घ्यायची आणि वाक्यात एक उभी रेघ मारून पाहायची.

गळ्यात पडलेली | नापीक जमीन

रेघ बरोबर पडली की निम्मं काम झालं. चुकली तर दोन शब्द पुढे-मागे सरकवायची. इथे अडचण अशी येते की वाक्य एक गोष्ट सांगत असतं आणि आपलं मन त्या गोष्टीत शिरतं. मी वाटणीच्या भांडणात शिरले होते तसं. वाक्यातली गोष्ट आवडीने वाचा, मग बाजूला ठेवा आणि एकेका शब्दाला स्वतंत्रपणे विचारा, तू इथे काय करतोस? सुटे शब्द महत्त्वाचे असतात. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांच्याकडे तर सोडवताना लक्षच द्यायचं नाही, ते त्या गोष्टीसाठी असतात.

लिंगाकडे मात्र जरूर लक्ष द्या, मराठीत ती मोठी खूण आहे. 'पडलेली' म्हटलंय म्हणजे गळ्यातली वस्तू 'ती' आहे. हार असता तर 'पडलेला' आलं असतं. नापीक माळ हा 'तो' असतो, पण त्या बाजूला 'जमीन' हा शब्द स्वतःचं लिंग घेऊन आला आहे, म्हणून कुठेच खोटं बोलणं झालेलं नाही. मामंजींचं सूत्र मला आवडलं ते याच कारणाने. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत.

आता घरं मोजण्याबद्दल. कंसातला आकडा अक्षरांचा असतो, आणि अक्षर म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसकट एक घर. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर पुढच्या अक्षराबरोबर बसतं. विद्यार्थी तीन घरांचा: वि, द्या, र्थी. अंबाजोगाई पाच घरांची: अं, बा, जो, गा, ई. उलटवायचं असेल तरी अक्षरं अशीच सगळा संसार घेऊन उलटतात. मोहरा उलटला तर राहमो होतो, काना-मात्रा आपापल्या व्यंजनाला सोडून जात नाहीत.

उलटण्यापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. वाल्या 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्याचं राम राम झालं, ही गोष्ट ऐकलेला कुणीही गूढ कोडं सोडवू शकतो. त्यावर मामंजींचं सूत्र होतं:

'मरा' उलटा जपून वाल्याने मिळवला (२)

या सूत्रात रेघ मारताच येत नाही. पूर्ण वाक्य म्हणजे घडण, आणि पूर्ण वाक्य म्हणजेच अर्थ. असं सूत्र वर्षातून एखाददुसरंच जमतं, आणि जमलं की रचणाऱ्याने त्या दिवशी गोड करून खावं.

नेहमीचं उलटं सूत्र असं असतं:

नदी उलटून झाला गरीब (२)

अर्थ शेवटी: गरीब. 'नदी उलटून' ही कृती. न-दी उलटले की दी-न. दीन. आता इथे एक नियम सांगते, आणि त्यात मी सवलत देत नाही. उत्तर 'दीन' आहे, 'दिन' नाही. दिन म्हणजे दिवस. नदीतली दी दीर्घ आहे, ती उलटली म्हणून ऱ्हस्व होत नाही. एकदा एका दैनिकाच्या कोड्यात आडवा शब्द 'दीन' आणि उभा 'दिनकर' एकाच घरातून नेलेला होता. मी अर्धा तास स्वतःला चुकीची समजत बसले. सोडवणारा ज्या अक्षरावर विसंबून पुढे जातो तेच अक्षर रचणाऱ्याने हलकं धरलं, तर सगळा खेळच मोडतो.

दुसरा प्रकार दडलेल्या शब्दाचा. नवख्याने आधी हाच शोधावा, कारण उत्तर डोळ्यांपुढे छापलेलं असतं.

एक मळका सदरा, आत फूल (३)

'एक मळका' यात क, म, ळ ओळीने बसलेले आहेत. शब्दांमधली मोकळी जागा मनाने पुसायची आणि अक्षरं सलग वाचायची. 'आत' हा इशारा. इथे 'सदरा' हा शब्द काही काम करत नाही, अशी तक्रार मामंजींनी तेव्हा केली होती. ती बरोबर आहे, आणि त्यावरूनच माझं रचणं सुधारलं. मी पहिल्यांदा जे सूत्र त्यांना अभिमानाने दाखवलं ते असं होतं:

नवे रूळ टाकताना सापडली लेणी (३)

न-वे-रू-ळ. त्यात वेरूळ. बीड जिल्ह्यात आम्ही रेल्वेची वाट पाहत म्हातारे झालो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटली. मामंजींनी कागद दोनदा वाचला. "टाकताना हा शब्द कशाला? रूळ टाकले म्हणजे आत बघा असं कुठे कळतं? आणि वेरूळ म्हणजे लेणी नव्हेत, वेरूळ हे गाव आहे. तिथे चौतीस लेणी आहेत." मी रात्रभर विचार केला. सकाळी दिलं:

नवे रूळ उकरता सापडलं लेण्यांचं गाव (३)

आता 'उकरता' हा शब्द गोष्टही सांगतो आणि कृतीही सांगतो: या शब्दांच्या आत खणा. मामंजींनी त्या कागदावर 'दुरुस्त', म्हणजे बरोबर, असं उर्दूत लिहून दिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. शाळेत फारसीच्या मौलवीसाहेबांकडून त्यांनी 'मुअम्मा' हा प्रकार ऐकला होता. मुअम्मा म्हणजे अशी कविता, की तिच्या ओळींमध्ये एखाद्याचं नाव दडवलेलं असतं. ते अक्षरं काढून, जोडून, उलटवून शोधायचं. शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'आंधळा केलेला', झाकलेला. त्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्रातलं असलं कोडं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना ते परकं वाटलं नाही. ते म्हणत, हे तर आमच्या मौलवीसाहेबांचंच आहे, फक्त चौकटीत बसवलंय.

चौकट मात्र पाश्चात्त्यांची. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं, तेव्हा त्याचा आकार हिऱ्यासारखा होता आणि सूत्रं सरळ होती. सूत्रांना गूढ वळण दिलं ते इंग्लंडात, १९२० नंतरच्या दशकात.

जोडाचा प्रकार समजायला सोपा, म्हणून थोडक्यात. दोन शब्द एकामागे एक ठेवायचे.

मास्तरांमागे मोटार धावते, राज्य कोण चालवतं? (४)

सर आणि त्यांच्यामागे कार. सरकार. 'मागे', 'आधी', 'पाठोपाठ', 'नंतर' हे शब्द दिसले की जोड असण्याचा संशय घ्या.

अक्षरं विस्कटण्याचा प्रकार इंग्रजीत फार चालतो. मराठीत काना-मात्रा अक्षराला घट्ट चिकटलेल्या असल्यामुळे तो कमी जमतो, आणि जमतो तेव्हाही तीन अक्षरांपुढे क्वचित जातो. 'कलम मोडलं, पण फूल उमललं (३)' यात क, ल, म फिरले की कमल. 'दगड फोडला, रंग निघाला दाट (३)' यात गडद. मोडणं, फोडणं, घुसळणं, मळणं, दळणं यातलं काही वाक्यात घडत असेल तर शेजारच्या शब्दाची अक्षरं सुटी करून बघायची. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात कमी आवडतो. नुसतं हलवून मिळालेल्या उत्तरात शोधल्याचं समाधान नाही.

कापण्यात गंमत जास्त आहे. डोकं उडवायचं किंवा शेपूट तोडायचं.

गाढवाची शेपटी कापली, झोप लागली अशी (२)

गाढव, त्यातला व गेला, गाढ. चौथी-पाचवीची मुलं हे सूत्र ऐकून उड्या मारतात, म्हणून घरात लहान मूल असेल तर याच्यापासून सुरू करा.

आणि पोटात घालणं. एका शब्दाच्या मधोमध दुसरं काही ठेवायचं. माझ्या मते माझं आजवरचं सगळ्यात नीट जमलेलं सूत्र याच जातीचं आहे.

जड पोटात कळ सुरू झाली? ज्वारीची खा! (३)

वाचणाऱ्याला वाटतं आजीबाईचा सल्ला आहे. रेघ 'झाली' या शब्दानंतर मारा. अर्थ 'ज्वारीची खा'. उरलं 'जड पोटात कळ सुरू'. जड म्हणजे भारी. कळ या शब्दाची सुरुवात म्हणजे क. तो भारीच्या पोटात घातला: भा-क-री. हे मला ताटात भाकरी आणि पिठलं वाढलेलं असताना सुचलं. 'सुरू', 'तोंड', 'आरंभ', 'शिखर' हे शब्द आले की बहुतेक वेळा पहिलं अक्षर मागितलेलं असतं. 'शेवट', 'टोक', 'पाय' आले की शेवटचं.

आता मराठीचं खास. इंग्रजीत जे करताच येत नाही ते आपल्याकडे काना, मात्रा, उकार, वेलांटी आणि टिंब करतात. एका काडीने शब्द बदलतो.

माऊला शेवटी काना, लातूरची तहान भागवणारी (३)

मांजर, आणि शेवटच्या अक्षराला काना: मांजरा. धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी लातूरला जातं. २०१६ साली ते धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा मी हे सूत्र वर्षभर बाजूला ठेवलं होतं. पुढे पाऊस झाला, मग पाठवलं.

मस्तीला टिंब लागताच पंचमीला उधळला (२)

मस्ती म्हणजे रग. 'रग जिरली' म्हणतो ती. तिच्यावर टिंब दिलं की रंग. पंचमी म्हणजे रंगपंचमी.

आणि हे एक, ज्याच्यासाठी जरा मागे जावं लागतं:

वेदांना शेवटी काना मिळाला, गुरांनी खाल्ला (२)

जुन्या ग्रंथांत आकडे शब्दांनी सांगत. चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, वेद चार, बाण पाच. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष 'रसगुणपूर्णमही' असं दिलं आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उजवीकडून डावीकडे मांडलं की शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. हे कळलं की वेद म्हणजे चार, आणि चारला शेवटी काना दिला की चारा. शाळेत सहावीच्या वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलाने सोडवलं. त्याचे वडील त्या उन्हाळ्यात छावणीवर बैल घेऊन गेले होते. भास्कराचार्य त्याला कुणी सांगितलेले नव्हते. तो म्हणाला, बाई, चार वेद असतात ना.

उच्चारावरची सूत्रं मराठीत विरळ, कारण आपण लिहितो तसंच बोलतो. पण आमच्या भागात खेड्यात ण चा न होतो, पाणीचं पानी होतं, आणि मामंजींनी त्याचा उपयोग केला.

खेड्यात ऐकले चाळीस शेर, तरी लागत नाही (२)

शेर म्हणजे गझलेतला शेर असं वाटतं, निदान आमच्या घरात तरी वाटायचंच. पण चाळीस शेर म्हणजे एक मण. मण खेड्यात मन होतो. लागत नाही ते मन. 'तरी' हा शब्द जरा सैल आहे, पण तो काढला तर वाक्यातली उदासी जाते, म्हणून मी तो राहू देते. अशा ठिकाणी नियमापेक्षा वाक्याच्या बाजूने उभं राहावं, असं माझं मत.

रोजची बैठक कशी असावी ते सांगते. सकाळी दहा मिनिटं पुरेत. सूत्र एकदा मोठ्याने वाचा आणि एकदा मनात, कारण कानाला एक अर्थ लागतो आणि डोळ्याला दुसरा. रेघ मारून पाहा. दहा मिनिटांत आलं नाही तर कागद खाली ठेवा आणि हाताला काम द्या. मला निम्म्याहून जास्त उत्तरं भाकरी थापताना, तूर निवडताना, गाडीची वाट पाहत स्टँडवर बसलेली असताना आली आहेत. नजर लावून बसलं की मन त्या एकाच गोष्टीला धरून बसतं. दुपारी पुन्हा दहा मिनिटं. रात्रीपर्यंत नाही जमलं तर उत्तर पाहा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम करा: उत्तराकडून सूत्राकडे परत चालत जा. कोणता शब्द काय करत होता ते लिहून काढा. महिनाभर एवढं केलं की पुढच्या महिन्यात निम्मी सूत्रं आपण होऊन सुटतात. माझे बहुतेक विद्यार्थी असेच तयार झाले.

एक वही ठेवा. तिच्यात इशाऱ्यांचे शब्द उतरवा: वळून, परतून, मागे फिरून हे उलटण्याचे, दडलेला, उकरता, पोटी, गाभ्यात हे आतले, आणि असेच बाकीचे. दुसऱ्या बाजूने लहान शब्दांचे जितके अर्थ मिळतील तितके लिहा. कर, पार, वार, सर, माळ, पाट, मान, दर, घाट. दोन अक्षरी मराठी शब्द फार श्रीमंत आहेत, एकेकाचे चार-चार अर्थ सापडतात. त्यासाठी आमच्या घरात मोल्सवर्थचा कोश आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून पुढे छापलेला. त्याची पाठ मामंजींनी कापडाने शिवली होती. कोश उघडणं ही लबाडी आहे असं काही जण मानतात, मी मानत नाही. एक शब्द शोधायला गेलेला माणूस वाटेत पाच शब्द घेऊन येतो. महसुलातले जुने शब्द, शेतीतले शब्द, आजीच्या तोंडचे शब्द हे सगळं भांडवल आहे. ज्याच्या घरात कडबा, इर्जिक, सालदार, गिरदावर हे शब्द अजून बोलले जातात, त्याला कोड्यात शहरातल्या माणसापेक्षा दोन पावलं पुढे असल्याचा अनुभव येतो.

पूर्ण चौकट सोडवताना आधी सगळी सूत्रं वाचून काढायची आणि ज्यांची खात्री आहे तीच लिहायची, पेन्सिलीने. मग त्यांना छेदणारे शब्द धरायचे. मराठीत छेदणारं एक घर खूप काही देऊन जातं, कारण व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम मिळतात. तीन अक्षरी शब्दाच्या मधल्या घरात 'रू' आला, तर किती शब्द उरतात? वेरूळ, स्वरूप, कुरूप, अजून दोन-चार. शेवटी 'णे' आला तर क्रियापद तपासा. शेवटी 'णी' आली तर बहुधा 'ती' आहे, सूत्रात तिची खूण शोधा. छेदाच्या आधाराने उत्तर आधी सुचलं आणि घडण नंतर कळली तरी चालेल. पण घडण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'बसतंय म्हणून लिहिलं' असं झालं की ते उत्तर आपलं होत नाही.

आणि आस्वाद घ्यायचा कसा? उत्तर मिळाल्यावर सूत्र पुन्हा पहिल्यासारखं, गोष्ट म्हणून वाचा. इंग्लंडात ए. एफ. रिची नावाचे एक हेडमास्तर 'आफ्रित' या नावाने कोडी रचत. त्यांनी १९४९ मध्ये रचणाऱ्यासाठी एक दंडक घालून दिला. त्याचा आशय असा की जे बोलतोस तेच तुझ्या मनात असलं पाहिजे असं नाही, पण जे मनात आहे ते तुझ्या शब्दांनी नेमकं बोललं गेलंच पाहिजे. मी मामंजींना हे वाचून दाखवलं. त्यांचं लक्ष आधी नावाकडे गेलं. "आफ्रित? हा तर इफ्रीत. अरबी गोष्टींमधला जिन." आणि मग कागदावर त्या गृहस्थाची आद्याक्षरं आणि आडनावाचा पहिला तुकडा लिहून त्यांनी मला दाखवलं, की ए, एफ आणि रिट जोडलं की आफ्रितच होतो. त्या माणसाने स्वतःच्या नावाचाच मुअम्मा केला होता. मामंजी त्या दिवशी जेवताना सगळ्यांना तेच सांगत होते.

त्या दंडकातली दुसरी अर्धी बाजू मला जास्त मोलाची वाटते. फसवायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही. पैठण आमच्यापासून लांब नाही. नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा समोर बसलेलं पोर खरोखरच्या विंचवाला हसतं आणि म्हाताऱ्याला काम-क्रोध दिसतात. पोराचा विंचू खोटा नसतो. चांगलं गूढ सूत्रही असंच दोन मजली असतं, आणि दोन्ही मजल्यांवर राहता आलं पाहिजे. 'जड पोटात कळ' हे सूत्र ज्याने सोडवलं नाही त्यालाही ज्वारीची भाकरी पोटाला हलकी हे कळतंच.

थोडं जमायला लागलं की स्वतः रचा. उलट्या बाजूने सुरुवात करा: आधी उत्तराचा शब्द घ्या, त्याच्या अक्षरांकडे आठ दिवस बघा. आपल्या गावाचं नाव घ्या. लातूरच्या शेवटी तूर आहे, आणि तिथल्या बाजारात तुरीचे ढीग लागतात, हे मला चाळीस वर्षं तिथून जा-ये करूनही दिसलं नव्हतं. सूत्र लिहून झालं की एकेका शब्दावर बोट ठेवा आणि मामंजींसारखं विचारा, हा शब्द कशाला? ज्याला उत्तर देता येत नाही तो काढा.

ही पाच सूत्रं सोडवायला ठेवते. पहिल्यात दोन अर्थ आहेत, दुसऱ्यात डोकं उडतं, तिसरं आणि चौथं जोडाचं. पाचवं मामंजींच्या शेवटच्या कागदांपैकी एक आहे. त्याबद्दल काही सांगत नाही, मला त्याला दोन दिवस लागले.

पालिकेने मागितलेला हात (२)

शहराचं तोंड उडवलं, उरला महादेव (२)

मोसंबीचं गाव? तिकडे निघाल, हो ना? (३)

पावसाच्या सरींनंतर महादेव, असा जिल्हा (४)

नेहमी उलटा वागणारा नोकर (२)